मुकादमनं काढलेली खोट

माझ्या हातचा सोफा उसवलेला आजवर कुणी पाहिलेला नाही. हे मीच सांगते. दुसरं कुणी सांगेल म्हणून थांबले असते, तर थांबूनच म्हातारी झाले असते. म्हातारी तशी झालेच आहे, पण ती कामानं. एकतीस वर्षं सोफे बांधतेय. लाकडी सांगाड्यावर पट्टे ताणायचे, स्प्रिंगा बसवायच्या, फोम लावायचा, वर कापड ओढायचं, सगळं माझ्याकडे. खोळी शिवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. हे मशीनवर बसतात आणि बोलत नाहीत. मी हातोडी घेऊन उभी असते आणि गप्प बसत नाही. शेजारच्या गाळ्यात सुतारकाका. सांगाडे ते करून देतात आणि सल्ले फुकट देतात.

आणि आम्हा तिघांच्या डोक्यावर मुकादम.

मुकादम म्हणजे आमची मांजर. अंगानं करडी, पोटाखाली पांढरी. पंधरा वर्षांपूर्वी काकांच्या भुशाच्या पोत्यात सापडली, मुठीएवढी. डोळे उघडले आणि दुसऱ्या आठवड्यापासून कामावर रुजू. जो काम करत असेल त्याच्यासमोर जाऊन बसायचं, शेपूट पायांभोवती गुंडाळायची आणि बघत राहायचं. काम थांबलं की मान वर करून बघायचं, का बरं थांबलात? आमचे हे त्या वर्षी जे काही थोडेफार शब्द बोलले त्यातला एक म्हणजे "मुकादम." तोच नाव म्हणून चिकटला.

ती ओरडत नाही. कधीच नाही. बाकीची मांजरं भूक लागली की घर डोक्यावर घेतात. हिला काही हवं असेल तर समोर येऊन बसते आणि तुम्हाला लाज वाटेपर्यंत बघते.

तिच्या करामती सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. दोन वर्षांची असताना गाद्यांबरोबर टेम्पोत चढून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. आम्ही गल्लीन् गल्ली पालथी घातली. तिसऱ्या दिवशी तोच टेम्पो परत आला, तर ही पुढच्या सीटवर, टेम्पोवाल्याच्या शेजारी, खिडकीतून बाहेर बघत. टेम्पोवाला म्हणाला, "बाई, मी हिला आणली नाही. हिनं मला आणलं. परत निघताना ही माझ्या आधी चढून बसली होती." तेव्हापासून तो आला की आधी तिला नमस्कार करतो, मग मला. खिडकीची कडी पंजानं उचलायला ती आपली आपण शिकली. कडी बदलली, तर नवी कडी तिला दोन दिवसांत आली. मला चार दिवस लागले. आणि सोफ्यांच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं काढली बाईनं, पण तयार कापडाला एक नख लावलं नाही. आहे कुणाकडे असं मांजर? असेल तर आणा समोर.

गेल्या वर्षापासून मात्र तिचं वय दिसायला लागलं. आधी थेट कपाटावर उडी मारायची, ती आता स्टूल, मग मशीन, मग कपाट अशी गाड्या बदलत जायला लागली. एका डोळ्यावर निळसर साय आली. मी म्हटलं ठीक आहे, मी तरी कुठे चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते!

पण तिच्या कानांबद्दल मी कुणाला बोलू देत नव्हते.

"बहिरी झालीये गं ती," सुतारकाका म्हणायचे. "काल तिच्यामागे फळ्यांची चळत पडली. मी घाबरलो, पण हिनं मान वळवली नाही."

"काका, ऐकू न येणं वेगळं आणि न ऐकणं वेगळं. तुमच्या फळ्या रोजच पडतात. तिनं किती वेळा मान वळवायची?"

एकदा हेसुद्धा म्हणाले, "डॉक्टरला दाखवू या का?"

"कशाला? तुम्ही लग्न झाल्यापासून मला धड उत्तर देत नाही. तुम्हाला नेलं का मी डॉक्टरकडे?"

ह्यांनी मशीन चालू केलं. विषय तिथेच संपला.

आता आमच्या कामातली एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. सोफा तयार होत आला की आम्ही तो पाठीवर आडवा करतो. तेव्हा त्याचं पोट उघडं असतं. आत स्प्रिंगांखाली चांगली ऐसपैस पोकळी असते, अंधारी आणि उबदार. सगळ्यात शेवटी तिच्यावर जाड काळं कापड ताणायचं आणि कडेनं पिना मारायच्या. झाला सोफा बंद. ही पोकळी मुकादमची लाडकी जागा. म्हणून कापड लावायच्या आधी मी शीळ घालायची, दोन आखूड आणि एक लांब. बाईमाणसानं शीळ घालू नये म्हणतात. म्हणोत. शीळ ऐकली की मुकादम सोफ्याच्या पोटातून बाहेर यायची, आळस द्यायची आणि मला परवानगी द्यायची. पंधरा वर्षं हे असंच चाललं होतं. अलीकडे शिळेला ती कधी यायची, कधी नाही, पण मी ते मनावर घेतलं नव्हतं.

त्या दिवशी दातांच्या दवाखान्याचे दोन मोठे सोफे द्यायचे होते. दोन्ही गडद हिरवे, जुळ्या बहिणींसारखे. टेम्पो साडेदहाला येणार होता आणि मी दहा वाजता दुसऱ्याला पिना मारत होते. त्याआधी दोन्ही वेळा शीळ घातली. दोन्ही वेळा कुणी बाहेर आलं नाही. म्हटलं, नाहीये आत, फिरायला गेली असेल. पिना मारल्या, टेम्पोत सोफे चढले, वर ताडपत्री बांधली, टेम्पो गेला. टेम्पोवाल्यानं निघताना विचारलं, "मुकादम कुठे आहेत आज?" मी म्हटलं, "रजेवर."

एक वाजता डबे उघडले. आता डबा उघडला आणि मुकादम समोर नाही, असं पंधरा वर्षांत झालेलं नव्हतं. टेम्पोतून पळाली ते तीन दिवस सोडून. मी खिडकीत बघितलं. कपाटावर बघितलं. भुशाची पोती उपसली. काका गाळ्याच्या मागे जाऊन आले. मी गल्लीच्या टोकाला उभी राहून शीळ घातली, इतक्या जोरात की दोन दुकानदार बाहेर आले.

परत आले तर हे मशीनसमोर तसेच उभे होते. हातात डब्याचं झाकण.

"सकाळी शीळ घातलीस तू," हे म्हणाले.

"घातली ना. दोनदा घातली."

"आत हात घालून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. दोन क्षणांचं काम होतं. वाकायचं, हात घालायचा, चाचपायचं. आणि घाई होती म्हणून राहिलं असंही नाही. खोटं कशाला बोलू? शीळ घालून कुणी आलं नाही तेव्हा वाकून बघावं असं मनात आलं होतं. पण बघितलं असतं आणि ती आत झोपलेली दिसली असती, तर? तर काकांचं खरं ठरलं असतं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्याकडे मांजराचे डोळे उघडे होते, मिटले होते ते मी.

आणि ती ओरडणार नव्हती. सोफा उभा केला, उचलला, टेम्पोत आदळला, तरी ती एक अक्षर काढणार नव्हती. ताडपत्रीखाली, उन्हात, माझ्या जाड कापडाच्या आत.

मी दवाखान्यात फोन लावला. काउंटरवरच्या मुलीनं उचलला.

"अपॉइंटमेंट हवी आहे का?"

"नाही. मी सोफेवाली. सकाळी दोन सोफे आले ना, त्यातून काही आवाज येतोय का बघा जरा."

"कसला आवाज?"

"मांजरीचा."

ती म्हणाली, "मॅडम, इथे पेशंट आहेत," आणि फोन ठेवला.

मी ब्लेड आणि हातोडी पिशवीत टाकली, ह्यांनी स्कूटर काढली. हा माणूस आयुष्यात कधी तीसच्या वर गेला नाही. त्या दिवशी मी मागे बसून त्यांचा शर्ट घट्ट धरला होता आणि एकदाही "हळू" म्हटलं नाही.

दवाखान्याचं दार सताड उघडं होतं, कारण नव्या रंगाचा वास जायला हवा होता. बाहेर रस्ता, बसगाड्या, हॉर्न. आत माझे दोन हिरवे सोफे समोरासमोर, आणि त्यांच्यावर पाच माणसं, प्रत्येकाचा हात आपापल्या गालावर. कोपऱ्यातल्या जुन्या खुर्चीत एक आजोबा. तोंडात कापसाचा बोळा, मांडीवर कोट.

"उठा," मी म्हटलं. "सगळ्यांनी उठा. मेहरबानी करा."

सगळे उठले. दाढ दुखणारा माणूस वाद घालत नाही. आजोबाही काहीतरी "अं, अं" करत हात हलवायला लागले. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही बसा. तुमची खुर्ची माझ्या हातची नाही."

आतल्या खोलीतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंडावर मास्क, हातात छोटा आरसा. "हे काय चाललंय?"

"सोफ्यात आमची मांजर राहिलीये."

"राहिलीये म्हणजे?"

"म्हणजे मी बंद करून टाकलीये तिला. माझ्या हातानं."

बाईंनी मास्क खाली घेतला. भल्या होत्या, ओरडल्या नाहीत. "कुठल्या सोफ्यात?"

"माहीत नाही. दोन्ही सारखेच आहेत."

"मग हाक मारा ना तिला. हलेल तरी. उगाच दोन्ही कशाला फाडायचे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ओठांचा चंबू केला. शीळ घालायचीच होती. पण नाही निघाली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे बघितलं, म्हणजे मला सोपं जावं म्हणून.

"तिला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

एवढंच वाक्य. वर्षभर कुणाला म्हणू दिलं नव्हतं ते मी पाच अनोळखी माणसांसमोर म्हटलं. "बहिरी झालीये ती. बरेच दिवस झाले."

मग मी पहिला सोफा आडवा केला आणि पिना उपसत बसले नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याच कामावर ब्लेड चालवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड चिरलं, खांद्यापर्यंत हात घातला. स्प्रिंगा, पट्टे, लाकूड. बाकी काही नाही.

आजोबा "अं, अं" करत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, तोंड मिटून ठेवा, रक्त थांबायचंय अजून."

दुसरा सोफा ह्यांनी उचलला. उचलताच खाली काहीतरी चमकलं. पिना. फरशीवर नऊ पिना पडल्या होत्या. सोफा आडवा केला तर मागच्या पायाजवळचा कोपरा उकललेला. कापड फाटलेलं नाही, चिरलेलं नाही, एक ओरखडा नाही. कडेच्या पिना तेवढ्या एकेक करून निघालेल्या आणि कापडाचा कोपरा पाकिटाच्या झाकणासारखा लोंबत होता. आत करडे केस.

"निघाली," हे म्हणाले. "निघाली गं ती आपली आपण."

आधी माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच मी दाराकडे बघितलं. सताड उघडं दार. समोरून बस जात होती. एका डोळ्यानं अधू, कानानं बहिरी, पंधरा वर्षांची मांजर त्या रस्त्यावर. तिला हॉर्न ऐकू येणार नव्हता. आत होती तोवर निदान आत तरी होती.

मी खालीच बसले. ह्यांनी दारापर्यंत जाऊन डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मला तर काही दिसलं नाही बाई." पेशंट आपलं दुखणं विसरून सोफ्यांखाली वाकून बघत होते. आणि ते आजोबा "अं, अं, अं!" आता पायही आपटायला लागले.

"काय आहे आजोबा?" मी खेकसलेच.

आजोबांनी सरळ तोंडातला बोळा काढला.

"बोळा काढू नका!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"अहो, मग काय करू?" आजोबा अर्ध्या जिभेनं म्हणाले. "घंटाभर सांगतोय! मांजर इथं आहे!"

आणि त्यांनी मांडीवरचा कोट उचलला.

गोल होऊन झोपली होती. नाक शेपटीत. पोट आपलं वर खाली होत होतं. आजोबांनी थुंकत, थांबत जे सांगितलं ते असं: दाढ काढून ते खुर्चीत येऊन बसले, समोरच्या पाच जणांतलं तेव्हा कुणी आलं नव्हतं, आणि थोड्या वेळानं त्या सोफ्याच्या मागच्या पायाजवळून आधी एक पंजा बाहेर आला, मग डोकं. बाहेर येऊन तिनं खोलीभर बघितलं. रस्त्याकडे बघितलं. मग सरळ आजोबांच्या मांडीवर चढली. पंख्याचं वारं लागेल म्हणून त्यांनी कोट पांघरला. बोलता येत नव्हतं, म्हणून उगी राहिले.

मी तिला हाक मारली नाही. आपला हात तिच्या नाकासमोर धरला, गोंदाचा आणि लाकडाचा वास येणारा. नाक हललं. एक डोळा उघडला. मला ओळखलं आणि जांभई दिली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही, कारण पुसून कोण फसणार होतं!

डॉक्टरीणबाई त्या उकललेल्या कोपऱ्यासमोर वाकल्या होत्या. आपला दातांचा आरसा आत घालून बघत होत्या. "हे तिनं कसं केलं? इथूनच कसं काढलं नेमकं?"

मला कारण माहीत होतं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण त्या क्षणी मला इतका अभिमान वाटत होता की लपवता येईना.

"तिथे लाकडात गाठ आहे," मी म्हटलं. "पिना अर्ध्याच आत गेल्या होत्या. सकाळी मारताना हाताला कळलं होतं मला. म्हटलं, मागचा कोपरा आहे, कोण बघतंय! चारी बाजूंना मिळून दीडशे पिना आहेत, बाई. त्यातल्या ज्या नऊ कच्च्या होत्या त्या तिनं शोधल्या. अंधारात. एका डोळ्यानं. आणि कापडाला नख न लावता. एकतीस वर्षांत माझ्या कामात कुणी खोट काढली नव्हती. हिनं काढली."

"मांजर आहे की काय आहे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मुकादम आहे," आजोबांकडून तिला उचलत हे म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, या माझ्या मुखदुर्बळ नवऱ्यानं त्या सगळ्यांना टेम्पोची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मी ऐकत राहिले. चांगली सांगतात. इतकी वर्षं कुठे होती ही वाचा कोण जाणे.

दुसऱ्या सोफ्याचा कोपरा मी तिथल्या तिथे हातोडीनं पक्का केला. पहिल्याचं कापड उद्या आणते म्हटलं. डॉक्टरीणबाई "सावकाश आणा" म्हणाल्या, पण मी सावकाश आणणाऱ्यांतली नाही.

परत येताना मुकादम माझ्या ओढणीच्या झोळीत, डोकं बाहेर काढून, वाऱ्यात मिशा मागे गेलेल्या. खुशीत होती. बाहेर पडायला मिळालं होतं ना! मी तिच्या कानाशी तोंड नेलं. म्हटलं, "चुकलं माझं. तुझ्या अभिमानापायी तुलाच मारलं असतं मी. माफ कर गं." मला माफी मागायची सवय नाही. हिला ऐकू येत नाही म्हणून जमलं.

पुढून आवाज आला, "मला काही म्हणालीस का?"

"तुम्हाला कशाला म्हणू? रस्ता बघा."

सुतारकाका गाळ्याच्या दारातच उभे होते, रंधा तसाच हातात. मुकादमला बघून त्यांचा चेहरा फुलला, पण स्वभावाला औषध नाही. म्हणाले, "सापडली ना? मी केव्हाचा सांगत होतो, बहिरी झालीये ती."

"झालीये," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, समोरच्या दुकानात ऐकू जाईल असं. "पंधरा वर्षं माझ्या हातोडीपाशी बसली. कान तिचे कामापायी गेलेत, काका. आणि ते गेल्यावरसुद्धा तुमच्या लाकडातली गाठ तिनं आतून शोधून काढली. बहिरी आहे माझी मुकादम. सांगा ज्याला सांगायचं त्याला."

काकांनी रंधा खाली ठेवला. त्यांनी पुढे होऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

डबे तसेच उघडे पडले होते. जेवलो. तीही जेवली. मग ती स्टूल, मशीन, कपाट अशी चढत वर गेली आणि शेपूट गुंडाळून बसली. बाकावर एक खुर्ची आडवी होती, सकाळची अर्धवट राहिलेली. काळं कापड तेवढं लावायचं होतं. मी पिनांची बंदूक उचलली, खाली ठेवली, गुडघ्यांवर बसले आणि खुर्चीच्या पोटात हात घातला. एक कोपरा चाचपला, मग दुसरा, मग उरलेले दोन.

मशीन थांबलं. "अगं, ती इथे वर बसलीये," हे म्हणाले.

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय मग? सवय लावून घेतेय," मी म्हटलं, आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून चाचपलं.